पडद्याआडील घड्याळ

आमच्या गॅलरींत पंधरा-वीस कुंड्या आहेत. वर छप्पर असल्यामुळें पावसाळ्यांतहि त्यांना हातानेंच पाणी घालावें लागतें, आणि आम्ही परगांवीं गेलों म्हणजे बिचाऱ्या माना टाकतात. ही अडचण पाहून आमच्या भाच्यानें गेल्या वर्षीं एक यंत्र करून दिलें. पत्त्याच्या पानाहून थोडी लहान अशी निळी पाटी, म्हणजे आर्डुइनो नांवाचा बोर्ड. त्याला जोडलेली, विजेनें उघडमीट होणारी एक झडप. आणि झडपेपासून कुंड्यांपर्यंत गेलेली नळी. दर बारा तासांनीं दोन मिनिटें झडप उघडावयाची, एवढेंच त्याचें काम. ऋषिपंचमीच्या सकाळीं सहा वाजतां तें सुरू झालें, आणि पुढें एकोणपन्नास दिवस त्यानें एकहि पाळी चुकविली नाहीं. वसुबारसेच्या आदल्या दिवशीं मात्र, आम्ही सहकुटुंब बाहेरगांवीं असतां, संध्याकाळच्या पाळीला सुरू झालेलें पाणी थांबेचना. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचा नुकताच टांगलेला आकाशकंदील भिजून गळून पडला. इमारतीची टाकी तळाला गेली. आणि मग रात्रीं अकराच्या सुमारास, कोणीं हात न लावतां, पाणी आपोआप थांबलें. दुसऱ्या दिवशीं परत येऊन पाहतों तों यंत्र पुन्हां शहाण्यासारखें चाललेलें! फरक एवढाच कीं, सहाच्या ठोक्याऐवजीं तें आतां अकराला पाणी घालूं लागलें होतें.

भाच्याला बोलावून घेतलें. त्यानें आपला प्रोग्राम तीन वेळां वाचला आणि शेवटीं म्हणाला, "मामा, यांत चूक नाहीं. चूक असती तर पहिल्याच दिवशीं दिसली असती. एकोणपन्नास दिवस बरोबर चाललेला प्रोग्राम पन्नासाव्या दिवशीं चुकीचा कसा ठरेल?" युक्तिवाद वकिली होता, तरी त्याला चटकन् उत्तर सुचेना. पुढें तो म्हणाला कीं, हा बोर्डच मुळीं नवशिक्यांचा. आतां याहून मोठा आणि कैक पटींनीं वेगवान् असा बोर्ड घ्यावा, म्हणजे असले घोटाळे होणार नाहींत. हें निदान मात्र आम्हांस मान्य होईना. आम्ही आज तीस वर्षें महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत आहों, आणि प्राथमिक बोर्ड सोडून पुढें जाऊं पाहणारे विद्यार्थी बहुतेक वेळां पुढें न जातां नुसते दुसऱ्या दुकानांत जातात, असा आमचा अनुभव आहे. पुढें जाणें म्हणजे काय, हें कळण्यासाठीं हा निळा बोर्ड कोणीं, कोणासाठीं आणि काय झांकण्याकरितां केला, हें पाहिलें पाहिजे.

ज्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात तो आणि संगणकांतील मायक्रोप्रोसेसर हे सख्खे भाऊ खरे, पण त्यांचे संसार निराळे. मायक्रोप्रोसेसर हा नुसता हुशार कारकून. त्याला दप्तर, घड्याळ आणि लोकांशीं व्यवहार करण्याची खिडकी हें सारें बाहेरून पुरवावें लागतें. मायक्रोकंट्रोलरमध्यें कारकून, दप्तर, घड्याळ आणि खिडकी हीं सर्व नखाएवढ्या एकाच चिपेंत नांदतात. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारांत आणला. त्याच वर्षीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनींत गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनीं सर्व संसार एका चिपेंत मांडण्याचें काम साधलें, आणि त्यांतून निघालेली टीएमएस १००० ही जात १९७४ पासून विकत मिळूं लागली. १९७६ सालीं इंटेलची ८०४८ आली. आयबीएमच्या १९८१ च्या घरगुती संगणकाच्या कळफलकांत तीच बसली होती. १९८० सालची ८०५१ तर इतकी चिवट निघाली कीं, आमच्याकडील अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांतून ती पुढें कित्येक दशकें हललीच नाहीं. तिच्यांत कायमच्या प्रोग्रामासाठीं ४ किलोबाइट आणि चालत्या कामाच्या टिपणांसाठीं अवघे १२८ बाइट जागा होती. बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराची जागा; तेव्हां १२८ बाइट म्हणजे पोस्टकार्डावरील तीन-चार ओळी. एवढ्या जागेंत धुलाईयंत्रें चालत, हें आजच्या मुलांना सांगूनहि खरें वाटत नाहीं.

आम्ही शिकत होतों तेव्हां, १९९० च्या आगेंमागें, आमच्या हातीं पडलें तें ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचें किट. हिरव्या पाटीवर आंकड्यांच्या कळा, आणि वर सहा लाल आंकडे उमटणारी पट्टी. 'अमुक संख्या हाताशीं घे' या आज्ञेचा क्रमांक ३ई, 'थांब' या आज्ञेचा ७६, असे क्रमांक कोष्टकांतून शोधून एकेक करून दाबावयाचे. दोन संख्यांची बेरीज करण्यांत प्रॅक्टिकलचा सबंध तास जाई, आणि वीज गेली कीं सारें पुसून जाई. कायमचा प्रोग्राम ज्या चिपेंत ठेवावयाचा तिच्या पाठीवर कांचेची लहानशी खिडकी असे; जुना मजकूर पुसावयाचा तर त्या खिडकीवर पंधरा-वीस मिनिटें जंबुपार प्रकाश पाडावा लागे. एक चूक, वीस मिनिटांची शिक्षा. त्या शिक्षेनें आम्हांस सावधपणा शिकविला, हें कबूल. पण खरें सांगावयाचें तर पदवी घेऊन बाहेर पडलों तेव्हां यंत्राचें सारें अंतरंग आम्हांस मुखोद्गत होतें, आणि त्या यंत्राकडून आम्हीं एक दिवाहि कधीं लावून घेतलेला नव्हता. आमच्या भाच्याची पिढी नेमकी उलट. तिनें दिवे लावले, झडपा उघडल्या, गाड्या पळविल्या. आंत काय आहे तें मात्र पाहिलें नाहीं.

हा उलटा प्रवाह सुरू झाला तो १९९२ च्या सुमारास. त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील पॅरॅलॅक्स कंपनीनें 'बेसिक स्टॅम्प' या नांवाचा, टपालाच्या तिकिटाची आठवण करून देणारा इवलासा बोर्ड काढला. त्याला सोप्या बेसिक भाषेंत आज्ञा देतां येत. पुढच्याच वर्षीं मायक्रोचिप कंपनीची पिक १६सी८४ ही चिप आली. तिच्यांतील प्रोग्राम विजेनेंच पुसतां येई, आणि कांचेच्या खिडकीची गरज संपली. याच सुमारास नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान हे दोन विद्यार्थी एका नव्याच चिपेची आंखणी करीत होते. ती आंखणी अॅटमेल कंपनीनें उचलली, आणि १९९७ च्या सुमारास एव्हीआर या नांवानें ती बाजारांत आली. तिची आंखणी करतांना सी भाषेचा कंपायलर लिहिणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला आधींच घेतलेला होता. म्हणजे कारकुनाची नेमणूक करतांना हुकूम लिहिणाऱ्या साहेबाची भाषा कोणती हें आधीं विचारलें होतें. चिप पाटीवरून न उपटतां तिच्यांतील प्रोग्राम हजारों वेळां बदलतां येई, हा आणखी एक गुण. आर्डुइनोच्या निळ्या पाटीवर पुढें जी चिप बसली ती याच घराण्यांतील.

आतां आपण उत्तर इटलींतील इव्हरेया या गांवीं येतों. १९०८ सालीं कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनीं येथें टंकयंत्रांचा कारखाना काढला, आणि त्यांचे चिरंजीव आद्रियानो यांनीं कारखान्याभोंवतीं कामगारांसाठीं घरें, वाचनालयें, पाळणाघरें उभारून एक नमुनेदार उद्योगनगर वसविलें. २०१८ सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक वारशांत गणना केली. टेबलावर मावणारा आणि प्रोग्राम स्वीकारणारा 'प्रोग्रामा १०१' हा गणक १९६५ सालीं याच कंपनीनें जगापुढें ठेवला. पुढें कंपनीचे दिवस पालटले. तरी २००१ सालीं ऑलिव्हेत्ती आणि टेलिकॉम इटालिया यांच्या पैशावर येथें माणूस आणि यंत्र यांच्या व्यवहाराची रचना शिकविणारी एक लहान संस्था निघाली. तिच्यांत येणारे विद्यार्थी अभियंते नव्हते. ते चित्रकार, वास्तुरचनाकार, वस्तुरचनाकार होते. त्यांना हात लावतांच उजळणारी खुर्ची हवी होती. तीन ई आणि सात सहा पाठ करावयास त्यांना वेळहि नव्हता आणि इच्छाहि नव्हती. बेसिक स्टॅम्प होता, पण तो विद्यार्थ्यांच्या खिशाला जड आणि कामाला तोकडा.

या संस्थेंत एर्नान्दो बार्रागान नांवाचा कोलंबियाचा एक विद्यार्थी होता. त्याचे मार्गदर्शक दोन: मास्सिमो बान्झी आणि केसी रीस. रीस यांनीं बेन फ्राय यांच्यासह २००१ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत 'प्रोसेसिंग' नांवाची, चित्रकारांना प्रोग्राम लिहितां यावा अशी सुलभ व्यवस्था सुरू केली होती. पडद्यावरील चित्रासाठीं जें केलें तेंच हातांतील वस्तूसाठीं करतां येईल काय, हा बार्रागानचा विषय. २००३ सालीं त्यानें काम सुरू केलें, २००४ सालीं प्रबंध सादर केला, आणि आपल्या व्यवस्थेला 'वायरिंग' असें नांव दिलें. बोर्ड, त्यावर लिहिण्याची खिडकी, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आज्ञांची एक छोटी भाषा, असे तिचे तीन भाग होते. 'तेरा क्रमांकाची तार उंच कर', 'एक सेकंद थांब', 'किती वाजले?', अशा साध्या माणसाला समजणाऱ्या त्या आज्ञा. २००५ सालीं बान्झी, डेव्हिड कुआर्तिएलेस आणि डेव्हिड मेलिस यांनीं तीच व्यवस्था घेऊन, बार्रागानची महाग चिप काढून तिच्या जागीं एटीमेगा ८ ही स्वस्त चिप बसविली आणि निराळा बोर्ड केला. टॉम आयगो आणि जानलुका मार्तिनो हेहि त्यांस मिळाले. गांवांतील ज्या मद्यगृहांत ही मंडळी जमत, त्याचें नांव आर्दुइन राजावरून पडलेलें होतें. हा आर्दुइन १००२ सालीं इटलीचा राजा झाला, दोन वर्षांत जर्मनीच्या हेन्रीकडून पराभव पावला, आणि शेवटीं मठांत जाऊन मेला. राज्य गमावलेल्या त्या राजाचें नांव आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लींत पोरेंसोरें घेतात, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

नवा बोर्ड करणाऱ्यांनीं त्याचा आराखडा सर्वांस खुला ठेवला. कोणींहि त्याबरहुकूम बोर्ड करावा आणि विकावा. म्हणूनच तो थोडक्या रुपयांत आपल्या गल्लींत येऊन पोंचला. पण ज्याच्या प्रबंधावर ही इमारत उभी राहिली तो बार्रागान त्या मंडळींत नव्हता, आणि आपल्याला बाहेरच ठेवण्यांत आलें अशी तक्रार त्यानें २०१६ सालीं सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. पुढें मूळ मंडळींतच नांवाच्या मालकीवरून फूट पडली, दोन कंपन्या कोर्टांत भांडल्या, आणि २०१६ सालींच त्यांचा समेट झाला. २०२५ च्या ऑक्टोबरांत क्वालकॉम या बड्या अमेरिकन कंपनीनें आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला. आमचें मत विचाराल तर स्वस्त करणाऱ्याचें श्रेय लहान नाहीं. पण ज्यानें भाषा दिली त्याचें नांव पहिल्या पानावर असावयास हवें होतें. बान्झीचे चाहते आम्हांस क्षमा करोत.

असो. या भाषेनें झांकलें काय, तें आतां पाहूं. आजहि सर्वत्र आढळणाऱ्या 'ऊनो' या बोर्डावर (तो २०१० सालीं निघाला) एटीमेगा ३२८पी ही चिप आहे. प्रोग्रामासाठीं ३२ किलोबाइट, टिपणांसाठीं २ किलोबाइट, आणि घड्याळाचे ठोके सेकंदाला १ कोटि ६० लाख. विद्यार्थी लिहितो: 'तेरा क्रमांकाची तार उंच कर.' चिपेला मात्र तेरा क्रमांकाची तार ठाऊकच नाहीं. तिच्या दप्तरांत 'पोर्ट बी' नांवाचा आठ घरांचा एक कप्पा आहे. त्यांतील पांच क्रमांकाच्या घरांत एक लिहिला कीं दिवा लागतो, शून्य लिहिलें कीं विझतो. अशा कप्प्यांनाच रजिस्टर म्हणतात. तेरा म्हणजे पोर्ट बीचें पांचवें घर, हें कोष्टकांत शोधणें, तार दुसऱ्या कामांत गुंतली नाहीं ना हें पाहणें, मधेंच दुसरें कोणी लुडबुड करणार नाहीं अशी व्यवस्था करणें, हें सारें ती सोपी आज्ञा पडद्याआड करते आणि त्यांत घड्याळाचे पन्नास-साठ ठोके घालविते. रजिस्टरांत थेट लिहिलें तर दोन ठोके पुरतात. कुंडीला पाणी घालावयाचें असेल तर या फरकाशीं कोणाला कर्तव्य नाहीं. मोटारीच्या इंजिनांत ठिणगी पाडावयाची असेल तर आहे.

पण तारांपेक्षां फार मोठी गोष्ट पडद्याआड ठेवली आहे, ती म्हणजे काळ. 'किती वाजले?' या प्रश्नाला ही भाषा 'बोर्ड सुरू झाल्यापासून इतके सहस्रांश सेकंद झाले' असें उत्तर देते. हें उत्तर तयार होतें कसें? चिपेंत एक स्वतंत्र गणक आहे. घड्याळाच्या दर ६४ ठोक्यांस तो एक घर पुढें सरकतो. २५६ घरें झालीं कीं शून्यावर येतो आणि कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवतो. कारकून हातचें काम टाकतो, सहस्रांशांच्या वहींत एक वाढवितो, आणि पुन्हां कामाला लागतो. या खांद्यावर ठेवलेल्या हाताला इंटरप्ट म्हणतात. आतां हिशेब करून पाहा: ६४ गुणिलें २५६ म्हणजे १६,३८४ ठोके, म्हणजे १.०२४ सहस्रांश सेकंद. दर फेरीस २४ लक्षांशांची थकबाकी राहते. ती सांठत जाऊन एक सहस्रांश भरला, म्हणजे साधारण बेचाळिसाव्या फेरीस, वहींत एकाऐवजीं दोन मिळवितात. आमच्या पंचांगांत चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांचा मेळ घालावयास तेहतीस महिन्यांच्या आसपास अधिकमास घालतात, त्यांतलाच हा प्रकार! ज्यानें हें लिहिलें त्याला अधिकमास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. अडचण एकच असली कीं माणसें एकाच उपायावर येतात.

ही वही चार बाइटांची, म्हणजे बत्तीस द्विमान घरांची आहे. तिच्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढें पुन्हां शून्य. इतके सहस्रांश सेकंद म्हणजे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटें आणि ४७ सेकंद. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

भाच्याचा प्रोग्राम असा होता: पाणी घालावयाच्या वेळीं 'आतां वाजले इतके, अधिक बारा तास' ही पुढच्या पाळीची वेळ चिठ्ठीवर लिहून ठेवावयाची, आणि घड्याळ चिठ्ठीच्या पुढें गेलें कीं झडप उघडावयाची. ऋषिपंचमीपासून पन्नासाव्या दिवशीं संध्याकाळीं घड्याळांत साडेएकोणपन्नास दिवस झाले होते. त्यांत बारा तास मिळविले म्हणजे पन्नास दिवस; पण तबकडीवर पन्नास दिवस नाहींतच! बेरीज शून्यावरून फिरून चिठ्ठीवर 'सुमारें सात तास' असें उमटलें. घड्याळ साडेएकोणपन्नास दिवसांवर, चिठ्ठी सात तासांवर. घड्याळ अर्थातच पुढें; उघडा झडप. दोन मिनिटांनीं झडप मिटली, नवी चिठ्ठी लिहिली, ती पुन्हां तशीच खुजी; पुन्हां उघडा झडप. असा पांच तास घोष चालला. रात्रीं अकराला घड्याळ स्वतःच शून्यावर आलें, शेवटच्या चिठ्ठीवर बारा तासांच्या आसपासची वेळ होती, आणि घड्याळ चिठ्ठीच्या मागें पडल्यामुळें यंत्राला शुद्ध आली. तेथून बारा तास मोजल्यामुळें पुढची पाळी अकराची. प्रोग्राम पन्नासाव्या दिवशीं चुकीचा झाला नाहीं. तो ऋषिपंचमीच्या सकाळींच चुकीचा होता.

ही चूक केवळ पोरांची आहे असें कोणीं समजूं नये. १४ सप्टेंबर २००४ रोजीं सायंकाळीं, कॅलिफोर्नियांतील पामडेल येथील हवाई नियंत्रण केंद्राचा आकाशांतील विमानांशीं असलेला बोलण्याचा संबंध एकाएकीं तुटला. राखीव यंत्रणाहि थोड्याच वेळांत कोलमडली. दक्षिण कॅलिफोर्निया आणि आसपासच्या आकाशांत शेंकडों विमानें होतीं; नियंत्रकांना पडद्यावर तीं एकमेकांकडे सरकतांना दिसत होतीं आणि वैमानिकांना सांगतां येत नव्हतें. कांहीं विमानें नियमाबाहेर जवळ आलीं. त्यांतील स्वयंसूचक यंत्रांमुळें आणि वैमानिकांच्या प्रसंगावधानामुळें अपघात टळला. चौकशींत निघालें तें हें कीं, दळणवळणाच्या संगणकांतील सहस्रांश सेकंदांची बत्तीस घरांची वही ४९.७ दिवसांनीं संपत असे. ही गोष्ट आधीं माहीत झालेली होती. उपाय म्हणून दर तीस दिवसांनीं यंत्रणा बंद करून पुन्हां सुरू करावी असा नियम केला होता, आणि त्या खेपेस तो पाळला गेला नव्हता. २०१५ सालीं अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें बोइंग ७८७ जातीच्या विमानांविषयीं असाच हुकूम काढला: २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास आंतील एक गणक भरून जाऊन विमानाची वीज उड्डाणांतच जाऊं शकते, सबब तत्पूर्वीं एकदां बंद करावें. जेथें चूक दुरुस्त करण्याऐवजीं चुकीची आठवण ठेवण्याचें काम माणसावर सोंपविलें जातें, तेथें आकाशकंदिलावर भागलें तर नशीबच म्हणावयाचें.

यावरून भाच्याच्या मोठ्या बोर्डाच्या उपायाची किंमत ठरवितां येते. २००७ पासून मिळूं लागलेली एसटीएम३२ ही चिपांची जात, २०१६ ची ईएसपी३२, किंवा २०२१ सालीं चार डॉलरांत निघालेला रास्पबेरी पाय पिको, यांचा वेग ऊनोच्या चौपट, पंधरापट, आठपट आहे. पण यांवरहि तीच सोपी आज्ञा वापरली तर उत्तर पुन्हां बत्तीस घरांच्या वहींतूनच येतें. सात हजारांचा बोर्ड घेतला असता तरी आकाशकंदील त्याच दिवशीं, त्याच घटकेला भिजला असता.

मग पुढें जाणें म्हणजे काय? आमच्या वर्गांत आम्ही प्रथम बोर्ड बदलूं देत नाहीं. तोच बोर्ड, तोच दिवा. पण या खेपेस चिपेची डेटाशीट उघडावयाची आणि पोर्ट बी कोठें आहे तें आपल्या डोळ्यांनीं पाहून त्यांत लिहावयाचें. डेटाशीट म्हणजे चिप करणाऱ्यानें लिहिलेली शेंकडों पानांची पोथी. ती सरसकट वाचावयाची नसते, आपला अध्याय काढून वाचावयाची असते. मुलांना पहिल्यांदां ती भयंकर वाटते. दुसरी पायरी 'एक सेकंद थांब' ही आज्ञा सोडण्याची. कारण त्या सेकंदांत कारकून भिंतीकडे तोंड करून उभा असतो आणि दारावर कोण आलें हें त्याला दिसत नाहीं. तिच्याऐवजीं इंटरप्ट वापरावयास शिकलें, कीं एक नवाच धोका समोर येतो. आठ घरांची ही चिप चार बाइटांची वही एका दमांत वाचूं शकत नाहीं. एकेक बाइट वाचते. विजेच्या मीटरवरील आंकडा आपण उतरून घेत आहों, १९९९ होता. '१' आणि '९' लिहून झाले, तेवढ्यांत आंकडा फिरून २००० झाला, आणि पुढचे दोन आंकडे आपण '०', '०' असे लिहिले. कागदावर १९००! मीटरवर हा आंकडा त्या वेळीं कधींच नव्हता. म्हणून वाचण्यापुरते इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. आणि तयार आज्ञेच्या आंत तसेंच केलेलें आहे. पडदा लावणारे लोक अडाणी नव्हते, हें असें पडदा उचलल्यावर कळतें.

एवढें झाल्यावर एसटीएम३२ हातांत द्यावी. तेथें विद्यार्थी सराईतपणें दिव्याच्या रजिस्टरांत एक लिहितो आणि दिवा लागत नाहीं. कारण तेथें वीज वांचविण्यासाठीं प्रत्येक विभागाच्या घड्याळाला वेगळा नळ आहे, आणि सुरुवातीला ते बहुतेक बंद असतात. आधीं नळ सोडावा लागतो. हें तिच्या हजारांहून अधिक पानांच्या पोथींत स्पष्ट लिहिलेलें आहे. ज्यानें ऊनोची डेटाशीट पाहिली आहे तो तासाभरांत तें पान काढतो. ज्यानें नुसता बोर्ड बदलला आहे तो चिप बिघडली म्हणून दुकानदाराशीं भांडतो. हीं दोन्ही दृश्यें आम्हीं पाहिलीं आहेत.

कुंड्यांच्या प्रोग्रामाची दुरुस्ती एका ओळीची निघाली. अकरा वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत किती तास झाले असें विचारलें, तर दोन हा अकराहून लहान असूनहि लहान मूल 'तीन' असें उत्तर देतें. तबकडीवर तुलना फसते, वजाबाकी फसत नाहीं. तेव्हां चिठ्ठीवर पुढच्या पाळीची वेळ न लिहितां मागच्या पाळीची लिहावयाची, आणि 'आतांची वेळ उणें मागची वेळ' बारा तास झाली कीं झडप उघडावयाची. शून्य मधें आलें तरी वजाबाकी बरोबरच येते.

"पण मामा," भाचा म्हणाला, "हें खरें कीं खोटें कळायला आणखी पन्नास दिवस?" मग तोच दोन दिवस नाहींसा झाला आणि चेहरा फुलवून परत आला. आर्डुइनोच्या भाषेच्या मूळ फायली त्याच्याच संगणकांत एका फोल्डरांत पडून होत्या. त्याला त्या आजवर कोणीं दाखविल्या नव्हत्या. त्यांत ती सहस्रांशांची वही त्याला सांपडली, आणि यंत्र सुरू होतांच तिच्यांत शून्याऐवजीं, वही भरावयास पांच मिनिटें उरतील असा आंकडा घालण्याची युक्ति त्यानें केली. नळाची चावी बंद करून आम्ही दोघे गॅलरींत खुर्च्या टाकून बसलों. प्रथम जुना प्रोग्राम लावला. झडप खट्कन् उघडली; दोन मिनिटांनीं मिटली आणि तत्काळ पुन्हां उघडली; चौथ्या मिनिटाला तेंच; सहाव्याला मिटली ती मिटली. पन्नासावा दिवस आमच्यासमोर सहा मिनिटांत होऊन गेला. मग नवा प्रोग्राम लावला. पांच मिनिटें झालीं, सहा झालीं, दहा झालीं, झडप गप्प.

"मामा, एक विचारूं?" भाचा संगणकाच्या पडद्याकडे बोट करून म्हणाला. "हें सगळें आर्डुइनोचें. मग ज्या फायलींत ही वही आहे तिचें नांव 'वायरिंग' कां?"

आम्हीं चहा मागविला आणि त्याला कोलंबियाच्या त्या विद्यार्थ्याची हकीकत सांगावयास आरंभ केला.